४०० मीटर आणि ६०० ग्रॅम बर्फ

आपल्या अंकात गाड्यांवरचा लेख क्वचितच येतो आणि ड्रॅग रेसवरचा तर मी कधी वाचलेला नाही. म्हणून आधी थोडी ओळख करून देते. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. समोरच्या खांबावर पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, आणि सुटायचं. रोजच्या वापरातल्या चांगल्या ताकदीच्या गाडीला एवढं अंतर कापायला १४-१५ सेकंद लागतात. शेवटी हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर लागलेला वेळ असतो आणि शेवटची रेषा ओलांडतानाचा वेग असतो. त्या चिठ्ठीवर पुढचे सहा महिने घरात आणि कट्ट्यावर वाद घालता येतो.

आपल्याकडे हे रीतसर करायच्या जागा फार नाहीत. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर होणारी ‘द व्हॅली रन’ आम्हा बेळगावकरांना त्यातल्या त्यात जवळची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होतात. रात्री बायपासवर जे चालतं त्याला मी रेस म्हणत नाही. मागचा दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर तिथं पुढ्यात कधी येईल याचा नेम नसतो.

आमच्या घरात हे वेड आणलं आतेभावानं. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. त्याची गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीतून आलेली ताकद २३० हॉर्सपॉवर. सॉफ्टवेअर बदलून त्यानं ती आणखी वाढवून घेतली आहे. गाडी तो चालवतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये काम करते. त्यामुळे लॅपटॉप, पाने आणि बर्फ हे खातं माझ्याकडे. आत्याची अट एकच असते: “रविवारी काय गोंधळ घालायचा तो घाला, सोमवारी मला पणजीला जायला गाडी पाहिजे.” तिची नातवंडं पणजीला आहेत. म्हणजे वेळ कमी करायची, पण इंजिनाला काही होऊ द्यायचं नाही. या अटीमुळेच मी हवेच्या तापमानाकडे बघायला लागले.

सायकलच्या चाकात हवा भरली की पंपाचं खालचं टोक गरम लागतं. हवा दाबली की ती तापते. टर्बो हेच काम अफाट वेगानं करतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. फुकट जाणाऱ्या धुरातून ताकद मिळते हे खरं. पण दाबाबरोबर उष्णताही आलीच.

किती, ते हिशोबानं बघू. बाहेर ३३ अंश आहे आणि टर्बोनं हवेचा दाब दुप्पट केला असं धरा. टर्बो शंभर टक्के आदर्श असता तर हवा १०० अंशांवर गेली असती. खरा टर्बो तसा नसतो. ७० टक्के कार्यक्षमता धरली तर आकडा १३० अंशांच्या जवळ जातो. उकळत्या चहापेक्षा गरम हवा इंजिनाच्या तोंडाशी. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. तो दिसायला रेडिएटरसारखा असतो, पण आतून पाण्याऐवजी ही दाबलेली हवा जाते. पुढच्या बंपरमागे बसून तो वाऱ्यावर तिला थंड करतो.

गरम हवेचे तोटे दोन. पहिला साधा आहे. गरम हवा विरळ असते, तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. साधारण तीन अंश वाढले की एक टक्का हवा कमी झाली असं समजा. दुसरा तोटा घातक आहे. सिलिंडरमधलं मिश्रण आधीच तापलेलं असलं तर स्पार्कनं सुरू झालेली ज्योत पोचायच्या आत त्याचा काही भाग आपणहून भडकतो. आमचे मेस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखं असतं ते. आजकालच्या गाडीचा ईसीयू ते ऐकतो आणि स्पार्क उशिरा द्यायला लागतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते. ईसीयूला सावरायला जागाच ठेवली नसेल तर इंजिनही वाचत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं तेच झालं. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं त्याच्या छोट्या टर्बो गाडीचा बूस्ट वाढवून दिला. वर ‘कोल्ड एअर’ म्हणून एक चकचकीत लाल फिल्टर बसवला, तोही उघडा, थेट एक्झॉस्टच्या शेजारी. इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा ओढणाऱ्या फिल्टरला कोल्ड एअर म्हणायला धाडस लागतं. मे महिन्यातल्या एका दुपारी पिस्टनची कड तुटली. इंजिन उघडलं तेव्हा मेस्त्रींनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “ताई, बघा की, बिस्किट मोडल्यागत मोडलंय.” गाडीचे हप्ते अजून चार वर्षांचे बाकी होते. त्याचे वडील बँकेत माझ्या बाबांबरोबर होते. त्या आठवड्यात आमच्या घरी याशिवाय दुसरा विषय नव्हता.

ड्रॅगची खरी गोष्ट मला कागदावर हिशोब मांडल्यावर कळली. दादाचं इंजिन जोरात असताना सेकंदाला अंदाजे २०० ग्रॅम हवा घेतं. १४ सेकंदांत २ किलो ८०० ग्रॅम. घनफळात सांगायचं तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ अडीच टाक्या. ही सगळी हवा ७० अंशांनी थंड करायची तर साधारण २०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. आकडा मोठा वाटतो, पण एवढ्या उष्णतेनं किती बर्फ वितळेल? सुमारे ६०० ग्रॅम. लग्नात सरबताच्या पिंपात याच्या कितीतरी पट बर्फ जातो.

म्हणजे धाव स्वतः फार काही मागत नाही. इंटरकूलरमधलं अ‍ॅल्युमिनियम पाच किलो धरलं तर वारा अजिबात नसतानाही ते एवढी उष्णता पोटात घेऊन ४०-४५ अंशांनी तापेल. धावताना वारा असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी. हायवेवर तासन् तास पळणाऱ्या गाडीत इंटरकूलर वाऱ्याला उष्णता देत राहतो. ड्रॅगमध्ये तो जास्त करून स्पंजाचं काम करतो. १४ सेकंद उष्णता शोषायची, पुढचं पुढे. स्पंज सुरुवातीला कोरडा असला की झालं. पण सुरुवातीच्या रेषेवर तो भिजलेलाच असतो, कारण त्याआधी रांग असते.

ती रांग बघायची म्हणजे आमच्याकडच्या यात्रेतल्या दर्शनाची आठवण येते. वीस-वीस, तीस-तीस मिनिटं. इंजिन चालू, एसी चालू, दोन मिनिटांनी गाडी पाच फूट पुढे. वारा नाही. एसीचा कंडेन्सर, रेडिएटर आणि इंटरकूलर सगळे पुढच्या भागात एकमेकांच्या अंगावर, एकाची ऊब दुसऱ्याला. खालून तापलेलं डांबर. पहिल्या धावेला मी ओबीडीला जोडलेल्या लॅपटॉपवर आकडे घेतले. बाहेर ३३ अंश, रांगेच्या शेवटी मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान ६१. धाव सुरू झाल्यावर पहिले दोन सेकंद आकडा जरा उतरला, मग चढत चढत शेवटच्या रेषेवर ७४. तो सुरुवातीचा उतार फसवा असतो. थांबलेल्या गाडीत सेन्सर हवेपेक्षा भोवतीच्या तापलेल्या धातूचंच तापमान जास्त सांगतो, खरी हवा वाहायला लागली की जाग्यावर येतो. ईसीयूनं स्पार्क चार-पाच अंशांनी मागे ओढलेला स्पष्ट दिसत होता. चिठ्ठीवर १४.५२ सेकंद, वेग ताशी १५९ किलोमीटर.

दादा म्हणाला, “मोठा इंटरकूलर मागवू या.” मी म्हटलं, “आधी रांगेचं बघू, दादा. त्याला पैसे पडत नाहीत.”

रांगेत शिरताना एसी बंद केला. इंजिनही बंद, पण नुसतं इंजिन बंद करून भागत नाही, उलट बिघडतं. वाहणारी हवा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि ब्लॉक, टर्बो यांची उष्णता वर चढून सगळ्या खोलीत भरते. म्हणून बॉनेट पूर्ण उघडं पाहिजे. गरम हवा वर जायला वाट मिळाली की पाच-सात मिनिटांत फरक दिसतो. एक बॅटरीचा पंखा पुढच्या जाळीसमोर धरला. रांग सरकली की गाडी ढकलायची. दादाचे दोन मित्र त्यासाठीच आणले होते, त्यांना दुपारी बिर्याणी कबूल केली होती. परदेशातल्या जुन्या ड्रॅग ट्रॅकवरही लोक गाड्या ढकलतच पुढे नेतात, त्यात लाज कसली?

एक मात्र सांभाळायचं. धाव संपवून आल्या आल्या टर्बो गाडी एकदम बंद करू नये. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथंच जळतं. परतीच्या रस्त्यानं सावकाश येऊन मिनिटभर आयडलवर ठेवायची, मग बंद.

मग बर्फ. थर्माकोलच्या पेटीत, गोव्याची मासळी बेळगावात येते तशी बांधून आणला होता. बर्फाचे तुकडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून पिशवी इंटरकूलरच्या जाळीला टेकवायची, दुसरी इनटेक मॅनिफोल्डवर. दहा मिनिटं. नंतर पिशव्या काढायच्या आणि खाली ठिपकलेला प्रत्येक थेंब पुसायचा. हे शेवटचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. सुरुवातीच्या रेषेजवळ टायरची पकड हीच सगळी पुंजी असते, आणि तिथं पाणी सांडलं तर आपली गाडी घसरतेच, पण मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या जिवाशी खेळ होतो. पाणी गळणारी गाडी रेषेवरून परत पाठवतात ते योग्यच आहे. भिजवलेला टॉवेल जाळीवर टाकणारेही दिसतात. पाणी वाफ होताना बर्फ वितळताना घेतो त्याच्या सहापटीहून जास्त उष्णता घेतं, त्यामुळे कल्पना चांगली आहे, पण टॉवेल काढायचा विसरलात तर वाराच बंद होईल. जपानी कंपन्यांनी हे नीट करून दाखवलं. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशी इव्होल्यूशनच्या काही मॉडेलांत इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायची सोय कंपनीतूनच होती.

तिसरं काम घरीच करून गेलो होतो. हवा आत घेणारा पाइप आणि फिल्टरचा डबा यांच्या आणि एक्झॉस्टच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा. उद्यमबागेत पत्र्याचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांनी पुठ्ठ्याच्या मापावरून तासाभरात वाकवून दिला. पत्रा आणि पाइप यांच्यात बोटभर जागा ठेवायची, टेकू द्यायचा नाही. टेकला की तोच तापून पाइपला तापवतो. कंपनीचा मूळ बंद डबा आम्ही काढला नाही. तो पुढून, जाळीमागून थंड हवा घेतो. माझ्या मते बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं, आणि लाल फिल्टरचे पैसे वाचतात.

दुपारी शेवटच्या धावेला बाहेरचं तापमान दोन अंशांनी वाढलेलं होतं, ३५. तरी रेषेवर हवा ४२ अंशांवर होती, शेवटी ५८. स्पार्क जेमतेम एका अंशानं मागे आला. १४.२१ सेकंद, ताशी १६४ किलोमीटर. वेळेपेक्षा मी वेगाकडे जास्त बघते. सुटताना चाक फिरलं, क्लच नीट सुटला नाही, तर वेळ बिघडते. शेवटचा वेग मात्र इंजिनानं खरंच किती ताकद दिली ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतो. ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. १५९ वरून १६४ म्हणजे नऊ-दहा टक्के जास्त ताकद, त्यातली निम्मी दाट हवेची, निम्मी परत मिळालेल्या स्पार्कची. खर्च: बर्फ, पत्रा, बिर्याणी.

याच्या पुढची पायरी म्हणजे हवा वाऱ्याऐवजी पाण्यानं थंड करणं. इंटरकूलरमधून पाणी फिरवायचं आणि ते पाणी डिकीतल्या बर्फाच्या टाकीतून आणायचं. निव्वळ ड्रॅगच्या गाड्यांत ही पद्धत फार चालते. ६०० ग्रॅमचा हिशोब आठवा, दहा किलो बर्फात दिवसभराच्या धावा आरामात निघतात आणि हवा बाहेरच्या तापमानाच्याही खाली आणता येते, जे वाऱ्यावरच्या इंटरकूलरला कधीच जमणार नाही. डॉजनं २०१८ च्या चॅलेंजर डीमन गाडीत तर बर्फाचीही गरज ठेवली नाही. तिला टर्बोऐवजी सुपरचार्जर होता, पण दुखणं तेच. ड्रॅगसाठी बटण दाबलं की एसीचा गारवा माणसांकडून काढून सुपरचार्जरचं पाणी थंड करायला वळवला जायचा. चालकानं घामात बसायचं, इंजिनानं एसीत.

दादाच्या डोक्यात सध्या आहे ते पाणी-मिथेनॉलचं इंजेक्शन. दाबलेल्या हवेत बारीक फवारा सोडायचा, थेंबांची वाफ होताना हवा थंड होते आणि मिथेनॉलमुळे नॉकिंगही मागे हटतं. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत ती होती. १९६२ साली ओल्ड्समोबिलनं जेटफायर या टर्बो गाडीत पाणी-मिथेनॉलची टाकीच दिली. लोक ती भरायला विसरायचे, मग गाडी आपणहून ताकद कमी करायची, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन शोरूममध्ये. शेवटी कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून टाकण्यात आले. आपल्या घरच्या गाडीसाठी माझा याला विरोध आहे. मिथेनॉल विषारी आहे, उन्हात त्याची ज्वाला जवळजवळ दिसतच नाही, आणि फवाऱ्याच्या भरवशावर बूस्ट वाढवून ठेवला तर ज्या दिवशी पंप बंद पडेल त्या दिवशी पिस्टनचं बिस्किट होईल. दादाला हे पटलेलं नाही. आत्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे सगळं रेसवाल्यांपुरतं आहे असं समजू नका. आता लहान गाड्यांतही टर्बो आला आहे, डिझेलमध्ये तर पूर्वीपासून आहे. फोक्सवागन आणि स्कोडाच्या एक लिटरच्या टीएसआय इंजिनात इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच असतो आणि तो पाण्यावर चालतो. बाकी बऱ्याच गाड्यांत तो पुढे, वाऱ्यावर. एप्रिल-मे महिन्यात चोर्ला घाटात ट्रक बंद पडून अर्धा तास अडकलात, वाट मोकळी झाली, पाय दाबला आणि गाडी जडशीळ वाटली, तर लगेच बिघाड समजून घाबरायला नको. रांगेत उभ्या ऑक्टाव्हियाचं जे होत होतं तेच तुमच्या गाडीचं झालेलं असतं. एक-दोन किलोमीटर शांतपणे चालवा, वारा लागू द्या, मग चढावर जोर मागा. आणि पावसाळ्यानंतर एकदा पुढच्या जाळीत वाकून बघा. चोर्ल्याचा तांबडा चिखल इंटरकूलरच्या पापुद्र्यांत भरून वाळलेला असतो, त्यातून वारा जाणार कसा? साध्या नळाच्या पाण्यानं सावकाश धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं ते पापुद्रे वाकतात.

मोठ्या इंटरकूलरचा प्रश्न शेवटी आमच्याकडे आलाच. जाड गाभ्यात अ‍ॅल्युमिनियम जास्त, म्हणजे स्पंज मोठा, ते चांगलं. पण तो रेडिएटरचा वारा अडवतो, आणि आत्याच्या पणजीच्या फेऱ्या चोर्ल्यातूनच असतात. म्हणून पुढच्या खेपेपर्यंत मूळ इंटरकूलरच ठेवून त्याच्यासमोर वारा नीट वळवणारा डक्ट करायचं ठरलं आहे, म्हणजे जाळीतून आलेली हवा बाजूनं निसटणार नाही. चाचांकडे पुठ्ठ्याचं माप देऊन आले आहे. मापात एका जागी हॉर्न आडवा येतो, तेवढा तो हलवायचा आहे.